वाचन झाल्याशिवाय

९ जानेवारी, सोमवार
वा. दु. ३.४०. आई जेवली ३.५५.
धुक्यामुळे कारखान्याची बस मालनपूरहून अर्धा तास उशिरा निघाली. घरात शिरलो तर आई टेबलाशी, डोक्यावर पदर, पुढ्यात झाकलेलं ताट. सकाळपासून पोटात फक्त बिनसाखरेचा चहा. वय ७९, त्यात साखरेचा आजार. मी बूट काढायच्या आत म्हणाली, "हात धू आणि टोपी घाल." वा. म्हणजे वाचन, त्याची वेळ रोज लिहून ठेवायचं ठरवलं आहे. पुढे डॉक्टरने विचारलं तर दाखवता येईल की बाई किती वाजता जेवते.
बाबांना जाऊन अडीच महिने झाले. सुतकाचे सात दिवस जमिनीवर बसणं संपलं त्याच दिवशी तिने सगळ्यांसमोर देवाचं नाव घेऊन नवस केला. "सॉलोमनने रोजचं तोराचं वाचन माझ्या समोर बसून करायचं, ते झाल्याशिवाय मी अन्नाला शिवणार नाही." सॉलोमन म्हणजे मी, तोरा म्हणजे आमचा धर्मग्रंथ. ठाण्याहून आलेली फ्लोराताई रडली. मला वाटलं, दुःखात बोलली, आठवड्यात थंड होईल. झाली नाही.

११ जाने., बुधवार
वा. ३.०५. आई ३.२०.
बाबांच्या पुस्तकात एका बाजूला हिब्रू, दुसऱ्या बाजूला मराठी. आठवड्याचा जो भाग ठरलेला असतो तो पाराशा. बाबांनी प्रत्येक पाराशाचे पेन्सिलने सात तुकडे पाडून ठेवलेत, रविवारी पहिला, शनिवारी सातवा. मी हिब्रूची एक ओळ अडखळत वाचतो, बाकी मराठीत. पंधरा-वीस मिनिटांचं काम. पंधरा-वीस मिनिटं फार नाहीत असं ज्याला वाटतं त्याने ए शिफ्ट करून बघावी. पहाटे पाचला बस, सहा ते दोन बॉयलरची मीटरं, तीनला घर. तोपर्यंत आई उपाशी.
बाबा चाळीस वर्षं रोज वाचायचे, हजीऱ्यातली त्यांची मिल चालू होती तोवर तिचा पहिला भोंगा व्हायच्या आत, ती बंद पडल्यावरही त्याच वेळी. मी एकदाही त्यांच्या शेजारी बसलो नाही. आधी क्रिकेट, मग आयटीआय, मग शिफ्टा. ते कधी रागावले नाहीत. शेवटच्या महिन्यात मात्र आईला म्हणाले, एकट्याने वाचलेलं अर्धंच. हे तिने मला ते गेल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर बसलो असतो का? नसतो.
ग्वाल्हेरात यहुद्यांचं आमचं हे एकच घर उरलं. निम्म्या गल्लीला अजून वाटतं आम्ही ख्रिश्चन आहोत. नाताळला केक पाठवतात. आम्ही खातो.

१६ जाने., सोमवार
आई अर्धी पोळी. मग वा. परत. मग उरलेली अर्धी.
गीझरवाला येणार होता म्हणून घाईत होतो. मोशेची गोष्ट रंगात आलेली असताना मध्येच नावांची यादी लागते. रूबेनची मुलं, शिमोनची मुलं, लेवीची मुलं, कोण किती वर्षं जगला. ते सगळं गाळलं. आवाज जराही न बदलता पुढच्या ओळीवर गेलो, पुस्तक मिटलं. आईने पोळीचे दोन तुकडे केले. अर्धी खाल्ली, अर्धी झाकून ठेवली.
"काय झालं? बरं नाही का?"
"बरी आहे. जेवढं वाचलंस तेवढं जेवले."
इतका राग आला की टोपी काढून सोफ्यावर फेकली. बेचाळीस वर्षांचा माणूस मी, घरात सतरा वर्षांची मुलगी, आणि मला हे असं पकडायचं! गीझरवाल्याला तसंच उभं ठेवून टोपी उचलली आणि सगळी नावं वाचली. शिमोनच्या मुलांपर्यंत आलो तर तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. चाळीस वर्षं स्वयंपाकघरातून ऐकून तिला सगळं पाठ झालं आहे.

२४ जाने., मंगळवार
वा. ४.२५. आई ४.४०.
पुढच्या शिफ्टचा रिलीव्हर उशिरा आला. घरी फोन करून रीनाला म्हटलं, तू वाच आजीला. पोरगी शहाणी, कोचिंग बुडवून बसली, सगळं वाचलं. मी आलो तर ताट तसंच झाकलेलं.
"पप्पा, मैंने पूरा पढ़ा. आजी ने खाया नहीं." रीना रडकुंडीला आली होती.
आई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "छान वाचलंस हो. ते तुझं झालं. त्याचं राहिलंय."
माझी बायको मीनल ओट्याशी होती. भांडी जोरात आपटली. तिचं माहेर जयेंद्रगंजातलं, संकष्टी-एकादशी पाहिलेली, उपासाचं तिला नवल नाही. पण तिच्या घरी चंद्र दिसला की जेवतात. चंद्राची शिफ्ट बदलत नाही.

३ फेब्रुवारी, शुक्रवार
वा. सकाळी ९.१०. आई ९.३०.
बी शिफ्टचा आठवडा, दोन ते दहा, म्हणून सकाळ मोकळी. आई आनंदात होती. मी म्हटलं, "आई, सोड हा नवस. मी वाचेन, शपथ. तू जेवत जा."
"मी जेवले की तू वाचशील?"
"वाचेन."
"चाळीस वर्षं मी जेवत होते."


१७ फेब्रु., शुक्रवार
वा. ३.३०. आई ३.४५.
संध्याकाळी शब्बाथचा दिवा लागला. मीनल दाराशी उभी राहून बघत होती, एकदम म्हणाली, "अहो, तुमचा शनिवार शुक्रवारी संध्याकाळीच लागतो ना? मग मंगळवार पण सोमवारी संध्याकाळी लागत असेल. मंगळवारचं सोमवारीच वाचून घ्या ना. आई सकाळी उठल्या की जेवतील."
मी आईकडे बघितलं. आई मीनलकडे. 
"बरोबर बोलते ही. दिवस संध्याकाळीच लागतो. पण तीन तारे दिसायला हवेत. उजेड असताना वाचलं तर ते त्याच दिवसाचं, पुढचं नाही."
एवढं सोपं होतं. चार महिने आम्ही सगळे मूर्खासारखे. मीनलला मी खूप वेळा म्हटलं की तू ग्रेट आहेस. ती म्हणाली, "मला फक्त घड्याळ कळतं."

२१ फेब्रु., मंगळवार
वा. काल सं. ६.५०. आई जेवली आज स. ८.१०.
ए शिफ्ट. बसमध्ये बसलो तेव्हा डोक्यावर काही ओझं नव्हतं. दहाच्या सुमारास मीनलचा मेसेज: दोन पोळ्या, मेथी, वर लिंबाचं लोणचं मागून घेतलं. पोरगी पास झाल्यासारखा तो मेसेज मी दोनदा वाचला.

९ मार्च, गुरुवार
वा. काल सं. ७.१०. आई ८.००.
कानात अजून होळीचा रंग. काल मोशेने देवाच्या आज्ञांच्या पाट्या फोडल्या तो भाग झाला, आता त्याला नव्या मिळतात. वाचता वाचता थांबून विचारलं, "आई, फुटक्यांचं काय केलं?"
"ठेवल्या. पेटीत, नव्यांच्या शेजारीच."
"हे बाबांनी सांगितलं तुला?"
"त्यांनी मला विचारलं होतं. मी माझ्या वडिलांना विचारून सांगितलं."
हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मोकळी हसली. मीही हसलो. वाचन कधी संपलं कळलं नाही, अर्धा तास होऊन गेला होता. हेच बाबांना हवं असणार. आता कळून त्यांना काय उपयोग.

३० मे, मंगळवार
वा. काल सं. ७.५०. आई ८.२०.
पारा पंचेचाळीसच्या वर गेलाय. दिवसभर पडदे ओढलेले, कूलर चालू, घरात दुपारी चारला पण ट्यूब. आईचा मोतीबिंदू वाढलाय, ऑपरेशन पावसाळ्यानंतर. उन्हाळ्यात तारे फार उशिरा निघतात. पावणेआठपर्यंत वाट बघायची, मग वाचायचं, मग जेवून झोपायचं आणि चारला उठायचं. झोप पुरत नाही. बॉयलरपाशी उभ्या उभ्या डुलकी लागली होती.

२० जून, मंगळवार
उद्याचं वा. सं. ६.३५.
शर्मा साहेबांच्या निरोपाची पार्टी, फूलबागेजवळच्या हॉटेलात, सातला. आधीच वाचून घेतलं. ट्यूब लावली होती, आई काही बोलली नाही. निघतो. उद्या ए शिफ्ट.

२१ जून, बुधवार
दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. रीनाची वही.
रिलीव्हर आला नाही. साडेचारपर्यंत थांबवून घेतलं. साडेपाचला घर. दार उघडलं तर आई खुर्चीच्या बाजूला जमिनीवर. घामाने चिंब, डोळे उघडे, पण मला ओळखत नव्हती. टेबलावर झाकलेलं ताट. आमटी, भात, आंब्याच्या फोडी. हात लावलेला नाही. सकाळची साखरेच्या आजाराची गोळी मात्र घेतली होती. औषध हे अन्न नव्हे, असा तिचा हिशोब.
मीनल शाळेत शिकवायला जाताना म्हणाली होती, "आई, जेवून घ्या." आई म्हणाली होती, "बघते." मीनल परत परत तेच सांगतेय, त्या बघते म्हणाल्या, मला कळायला हवं होतं. तिची काय चूक.
तोंडात साखर घातली, ऑटोत घातलं. डॉक्टर तरुण आहे, ओरडलाच: "माताजी को खाली पेट गोली किसने दी? दिन भर घर में कोई था नहीं?"
कोणी नव्हतं.

२३ जून, शुक्रवार
आई शुद्धीवर. सलाईन चालू, म्हणून अन्नाचा प्रश्न नाही. तरी पलंगाशी बसून वाचलं. सं. ७.५५. तारे बघून.
मग विचारलं. म्हणाली, "उजेड होता रे. तू गेलास आणि नंतर बऱ्याच वेळाने खाली देवळात दिवेलागणीची आरती लागली. तेव्हा कळलं मला."
पडदे ओढलेले, ट्यूब लावलेली, तिला दिसत नाही. मला दिसत होतं. जिन्याने उतरलो तेव्हा ऊन अजून समोरच्या टाकीवर होतं. मी बघितलं होतं ते ऊन.
"मला फोन का नाही केलास? मी फोनवर वाचलं असतं!"
"समोर बसून, असं बोललेय मी."
एक तास. एक तास उशिरा गेलो असतो तर शर्मा साहेब काही कुठे पळून जात नव्हते. मी तिथे पनीर टिक्का खात होतो आणि ती आरती ऐकत बसली होती, उद्या काय होणार ते ठाऊक असून. मी माझ्या आईला उपाशी पाडलं. दुसरा शब्द नाही याला.

२६ जून, सोमवार
घरी आणलं. वा. काल सं. ८.००. आई ८.४०.
मीनल काल भडकली. मला पाहिजेच होतं कोणीतरी भडकायला. "देव आहे का कारखान्याचा टाइमकीपर आहे? एक तास इकडे तिकडे झाला तर म्हातारीचा जीव घेतो? आणि तुम्ही दोघं एकमेकांना काय सिद्ध करून दाखवताय?"
रात्री ताईचा फोन. तिने ठाण्याला विचारून ठेवलंय. नवस सोडवता येतो. तीन जाणती यहुदी माणसं बसतात, नवस करणारा सांगतो की मला पस्तावा झाला, ते म्हणतात सोडलं, सोडलं, सोडलं. संपलं. ग्वाल्हेरात तीन कुठून आणायची, मी धरून एक. पण तिकडच्या प्रार्थनामंदिरातले हझ्झान म्हणाले आजारी माणसासाठी व्हिडिओवर करू. ताई म्हणाली, "सोलू, आता तरी ऐक. नाहीतर मी तिला इकडे घेऊन येते." तिच्या दीड खोलीत आधीच पाच जण.

९ जुलै, रविवार
वा. काल सं. ८.००. आई ८.३०.
योगायोग असा की या आठवड्याचा पाराशा नवसांपासूनच सुरू होतो. मुलीचा नवस बाप मोडू शकतो, बायकोचा नवरा. ऐकलं त्याच दिवशी बोलला तर. आणि विधवेचा? तो कोणी मोडू शकत नाही, तिच्यावर कायम राहतो.
"परत वाच ते," आई म्हणाली.
परत वाचलं.
"ऐकलंस ना," म्हणाली आणि पदर नीट केला. मला हसू आलं नाही.
तरी व्हिडिओसाठी पुढच्या रविवारची वेळ ठरवली आहे. तिला सांगितलं, लोक फक्त भेटायला बोलणार आहेत. ती काही खुळी नाही.

१६ जुलै, रविवार
वा. काल सं. ७.५५. आई ८.१५.
सकाळी अकराला व्हिडिओ. तीन माणसं एका बाकावर, टोप्या घालून, मागे खिडकी. मधले पांढऱ्या दाढीचे हझ्झान, बाजूला ताईचा नवरा, तिसरे कोणी निवृत्त मास्तर. मी मोबाईल आईपुढे धरून उभा. फार प्रेमाने बोलले ते. बाबांची चौकशी केली, गाव कुठलं विचारलं.
मग हझ्झान म्हणाले, "बाई, तुम्ही नवस केलात तेव्हा माहीत नव्हतं की जमिनीवर पडाल, दवाखान्यात जाल, मुलाला इतका घोर लागेल. हे ठाऊक असतं, तर केला असतात का?"
ताईने मला आधीच सांगितलं होतं, हाच प्रश्न असतो. नाही म्हणायचं, एवढंच. सगळं त्या एका नाहीवर सुटतं.
आई म्हणाली, "केला असता."
"विचार करून सांगा."
"विचार करूनच सांगते. पस्तावा नाही मला. तो बसायला लागला."
तिघं एकमेकांकडे बघू लागले. ताईच्या नवऱ्याने मान खाली घातली. हझ्झान म्हणाले, पस्तावा नाही तर आमच्या हातात काही नाही, देव तुम्हाला ताकद देवो. मोबाईल कधी आडवा झाला कळलं नाही, त्यांना बहुतेक छतच दिसत असेल.

१७ जुलै, सोमवार
वा. काल सं. ७.५०. आई ८.००.
तो बसायला लागला. म्हणजे मी. शाळेत नाव घातलेल्या पोरासारखा.
आता सुटका नाही. ती मरेपर्यंत नाही. हे लिहिताना लाज वाटते. पण लिहिलं.

४ ऑगस्ट, शुक्रवार
वा. स. ९.००. आई ९.२०.
जनरल शिफ्ट मागितली होती. अर्जात कारण लिहिलं: आईची प्रकृती. खरं कारण लिहिलं असतं तर एचआरच्या पोराने सगळ्या ऑफिसला वाचून दाखवलं असतं. जनरल नाही, कायमची बी मिळाली, दोन ते दहा. संध्याकाळचं वाचन गेलं, पण सगळ्या सकाळी माझ्या. रीना घरी येते तेव्हा मी कामावर, मी येतो तेव्हा ती झोपलेली. चालेल. आईसाठी वेळ पाहिजे होता, तो मिळाला.

१४ ऑगस्ट, सोमवार
वा. स. ८.३०. आई ८.५५.
वाचताना मध्येच म्हणाली, "भोंगा झाला का?" मिल बंद होऊन तीस वर्षं होऊन गेली. मी म्हटलं, "कुठला भोंगा?" तिने ऐकूनच घेतलं नाही. "तुम्हाला डबा द्यायचाय अजून."
तुम्हाला.
बाबा समजून बोलत होती. मी पुढे वाचत राहिलो.

२२ ऑगस्ट, मंगळवार
वा. ८.४५. आई ९.३०, दोन घास.
डॉक्टरकडे नेलं. म्हणतो वय आहे, होतं. मी विचारलं, जूनमध्ये साखर उतरली होती त्याने झालं का? "हो सकता है. उससे बढ़ गया होगा. पक्का कोई नहीं बता सकता."
मला पक्कं सांगता येतं. मीनल म्हणते, असं सारखं स्वतःला कोसत बसू नका, होणारच होतं. बोलायला बरं आहे.

२९ ऑगस्ट, मंगळवार
वा. ८.२०. आई ८.५०.
मुद्दाम तीन ओळी गाळल्या. वाट बघितली. ओठ हलत नव्हते, नजर खिडकीकडे. पुस्तक मिटलं तर ताट ओढून घेतलं आणि पूर्ण पोळी खाल्ली.
परत उघडून त्या तीन ओळी वाचल्या. तिला कळलं नाही की मी काय करतोय. जानेवारीत या बाईने मला अर्ध्या पोळीवर पकडलं होतं. तेव्हा केवढा चिडलो होतो मी! आज पकड ना आई. एकदा पकड.

८ सप्टेंबर, शुक्रवार
वा. ७.१५. आई ७.२५.
सकाळी सातलाच हाक. "भूक लागली. पोहे दे."
मी दात घासत होतो. तसाच धावलो, टोपी, पुस्तक, घोडदौड केली. दहा मिनिटांत संपवलं. मीनल बशी घेऊन शेजारी उभी. नंतर स्वयंपाकघरात म्हणाली, "भूक लागली म्हणाल्या, किती दिवसांनी. चांगलं आहे ना हे?"
चांगलं कसलं. आई नवसच विसरली आहे. ती जेवायला मागते आणि वाचनाचं नाव नाही. सहा महिने मी हेच मागत होतो की आई, तू जेवत जा.

१५ सप्टें., शुक्रवार
वा. ६.५०. आई ७.०५.
तिच्या आधी उठतो, ती डोळे उघडते तोवर पुस्तक घेऊन तयार. ती झोपेत असताना वाचलेलं चालणार नाही, समोर बसून असं तिने म्हटलंय. तिने जागं राहून ऐकायला हवं. ती ऐकत नाही, ताट शोधते.
ताईने हझ्झानांना विचारलं. ते म्हणतात, जो विसरला त्याला दोष नाही, खाऊ द्या तिला, देव बघतो. ताई म्हणाली, "मग सोड ना सोलू."
ती विसरली. मी नाही विसरलो. तीन माणसांसमोर ती शुद्धीत म्हणाली होती, पस्तावा नाही. आता तिला कळत नाही म्हणून मी तिच्या हातून मोडू देऊ? आज संध्याकाळपासून आमचं नवं वर्ष. ताईने मधात बुडवायला सफरचंद आठवणीने आणा म्हणून सांगितलंय.

२५ सप्टें., सोमवार
वा. ७.४०. आई ७.४५.
किप्पूर, आमचा मोठा उपासाचा दिवस. मी उपाशी, दार लावून घरात. आईने खायचंच असं डॉक्टरने बजावलंय, ते धर्मालाही मंजूर आहे. पण वाचनाआधी? आज भाग मोठा काढला, सणाचा म्हणून. ती मध्येच रडायला लागली. लहान मुलासारखं, आवाज काढून. "भूक लागली. भूक लागली हो." मी वाचत होतो. मीनलने बशी टेबलावर आपटली. "पुरे झालं! आधी त्या उपाशी राहायच्या तुमच्यासाठी, आता तुम्ही ठेवताय त्यांना उपाशी!"
रीना दारात. हळूच म्हणाली, "पप्पा, आप ये किसके लिए कर रहे हो?"
दिवसभर उत्तर शोधलं. आईसाठी. बाबांसाठी. देवासाठी. जूनमधल्या त्या एका तासासाठी. संध्याकाळपर्यंत यातलं एकही मला पटलं नाही.

२८ सप्टें., गुरुवार
आई जेवली ७.२२. वा. ७.४५.
सकाळी सातला बसलो. तोराचा शेवटचा भाग, मोशे मरायच्या आधी एकेका वंशाला आशीर्वाद देतो. डाव्या हाताने ताटाचं झाकण दाबून धरलं होतं, गेले आठ दिवस तसंच धरतो. आई झाकण ओढत होती. मग ओढायची थांबली. दोन्ही हात पुढे केले, ओंजळ करून, आणि अगदी नरम आवाजात म्हणाली, "दादा, थोडं द्या ना. सकाळपासून काही नाही मिळालं."
मला. बसस्टँडवर बायका मागतात तसं.
सात ओळी राहिल्या होत्या. हात उचलला. वरण-भात होता, तिने हाताने भराभरा खाल्ला, हनुवटीवर सांडला. मी पुसत होतो. वाचता येईना, अक्षरं दिसत नव्हती. मीनल ओट्याशी पाठ करून उभी होती, वळली नाही.
झालं तसं पाणी प्यायली. माझ्याकडे नीट बघितलं, ओळखीच्या माणसाकडे बघतात तसं नाही, पण मायेने. विचारलं, "तुमची आई आहे का?"
"आहे."
"तिला जेवायला घातलंत?"
मी तिचं ताट उचलून ओट्यावर नेऊन ठेवलं. मग पुस्तक उघडलं आणि उरलेल्या सात ओळी तिच्या समोर बसून वाचल्या. तोवर ती खुर्चीतच झोपली होती. ताईला अजून काही कळवलेलं नाही. एकला बस आहे.